समितीचे की अपक्ष? विश्वकोशात निवडणूक लिहिताना

गेल्या महिन्याच्या बैठकीत मी विकिपीडियावरच्या निवडणुकांच्या लेखांबद्दल थोडं बोललो होतो. अर्धा तास ठरला होता, पण चहा येऊन निवला तरी प्रश्न संपेनात. शेवटी ‘हे सगळं नीट लिहून द्या, संकेतस्थळावर लावू’ असं मंडळींनी सांगितलं. त्या दिवशी जे विस्कळीत बोललो ते इथे जरा जुळवून लिहितो. उदाहरणं बहुतेक आमच्या बेळगावची आहेत, एक मोठं उदाहरण गोव्याचं आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचं सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने निधन झालं होतं, ती जागा रिकामी होती. मतदान १७ एप्रिलला झालं, मोजणी २ मे रोजी. भाजपच्या मंगला अंगडी यांना ४,४०,३२७ मतं, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना ४,३५,०८७, आणि तिसऱ्या क्रमांकावर शुभम शेळके, १,१७,१७४. पहिल्या दोघांतला फरक अवघा ५,२४० मतांचा. त्याआधी २०१९ मध्ये याच जागेवर सुरेश अंगडी ३,९१,३०४ मतांनी निवडून आले होते, म्हणजे दोन वर्षांत काय झालं ते बघा.

शेळके हे महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार. बेळगावात हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी त्या रात्री विकिपीडियावरच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे पक्षाच्या रकान्यात ‘महाराष्ट्र एकीकरण समिती’ लिहिलं आणि समाधानाने झोपलो. सकाळी बघतो तर कुणीतरी ते उलटवून ‘अपक्ष’ केलेलं. मी परत समिती केलं. त्यांनी परत अपक्ष केलं. मग मी चर्चा पानावर एक लांबलचक मजकूर लिहिला. त्यात सीमाप्रश्न होता, १९५६ होतं, महाजन आयोग होता, आणि मला आज वाचवत नाही असा बराच आवेश होता. समोरच्या संपादकाचं उत्तर एका ओळीचं होतं: आयोगाच्या निकालपत्रात काय लिहिलंय ते बघा.

बघितलं. अपक्षच लिहिलंय.

आणि ते बरोबरही आहे. समितीचे उमेदवार अलीकडच्या निवडणुकांत अपक्ष म्हणूनच अर्ज भरतात. समिती ही वेगवेगळ्या विचारांच्या मराठी माणसांनी एका मागणीसाठी उभी केलेली संघटना आहे, नेहमीच्या अर्थाने पक्ष नाही. चिन्ह दरवेळी अपक्षांच्या यादीतून मिळेल ते घ्यायचं. त्यामुळे आयोगाच्या तक्त्यात समिती नावाची गोष्टच नाही. २०१३ च्या कर्नाटक विधानसभेचा निकाल काढा, नऊ अपक्ष आमदार दिसतील. त्यातले दोन, बेळगाव दक्षिणचे संभाजी पाटील आणि खानापूरचे अरविंद पाटील, हे समितीचे. उरलेले सात आपापल्या कारणांनी अपक्ष झालेले. पन्नास वर्षांनी कुणी फक्त तक्ता बघून इतिहास लिहायला बसला तर त्याला हे नऊ जण एकाच जातकुळीचे वाटतील.

म्हणजे मी चुकलो होतो, आणि तरी माझं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. आयोगाच्या तक्त्यातला शब्द मी माझ्या माहितीवरून बदलला, ही माझी चूक. पण समोरच्याने ‘अपक्ष’ लिहून विषय संपवला, त्यानेही काम पूर्ण झालं नाही. आज तो मजकूर कसा असावा असं मला विचाराल तर: रकान्यात ‘अपक्ष’, त्याला तळटीप ‘महाराष्ट्र एकीकरण समितीने पुरस्कृत केलेला उमेदवार’, आणि तळटिपेला त्या दिवसांतल्या वर्तमानपत्राचा संदर्भ. शिवाय खाली लेखात समितीवर एक परिच्छेद. त्या संपादकाचं आणि माझं शेवटी साधारण यावरच जमलं. ते गृहस्थ कन्नड भाषक निघाले. बोलायला फार सभ्य.

विश्वकोश कशावर चालतो

आपल्या मंडळींपैकी अनेकांना विकिपीडिया म्हणजे ‘कुणीही काहीही लिहितं’ ती जागा वाटते. अर्धं खरं आहे. कुणीही लिहू शकतं, पण काहीही टिकत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि इतर भाषांतल्या विकिपीडियांसारखेच त्याचे तीन मुख्य दंडक आहेत. जे लिहाल त्याला पडताळता येईल असा संदर्भ पाहिजे. लिहिणं तटस्थ पाहिजे. आणि तिसरा, जो आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त टोचतो: स्वतःचं नवं संशोधन तिथे आणायचं नाही.

आपण मंडळात काय करतो? जुनी कागदपत्रं काढतो, म्हाताऱ्या माणसांशी बोलतो, दोन गोष्टी जोडून तिसरी सांगतो. हे सगळं संशोधन आहे. ते इथे, आपल्या संकेतस्थळावर शोभतं. विश्वकोशाचं काम त्याच्या नंतरचं आहे, दुसऱ्यांनी छापून ठेवलेलं, तपासलेलं एकत्र आणणं. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात किंवा सरकारी मराठी विश्वकोशात लेखकाचं नाव असतं, त्याच्या अधिकारावर वाचक विसंबतो. स्वयंसेवकांच्या कोशात लिहिणारा कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळा भार संदर्भावर येतो. मी बेळगावात पन्नास वर्षं राहतोय या गोष्टीला तिथे शून्य किंमत आहे. सुरुवातीला याचा राग यायचा, आता नाही येत. कारण समोरचाही धारवाडात पन्नास वर्षं राहत असतो.

निवडणुकीच्या लेखात हे दंडक जास्तच कसोटीला लागतात. निवडणूक ही आकड्यांची गोष्ट असल्यामुळे वाटतं की यात काय वाद होणार, तक्ता टाकला की झालं. माझा अनुभव उलटा आहे. तक्ता हा लेखाचा सांगाडा आहे, त्याला हात लावायचा नाही. पण आपल्यासारख्या सीमेवरच्या, मिश्र भाषेच्या मुलखात नुसता तक्ता ठेवला तर त्या निवडणुकीत नेमकं काय घडलं हेच झाकलं जातं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच घरात आहे.

चारशे छपन्न

१९९६ ची लोकसभा निवडणूक. बेळगाव मतदारसंघात उमेदवार किती होते? ४५६. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने ठरवून शेकडो माणसं उभी केली. आमचे थोरले काका त्यांच्यातले एक. शेतकरी माणूस, भाषण कधी केलं नाही, प्रचार तर कुणीच करत नव्हतं. त्या वेळी लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत ५०० रुपये होती, ती भरली आणि अर्थातच गेली. मतपत्रिकेची आठवण काका अजून सांगतात, ‘पत्रिका कुठली, वही होती ती, वही.’

मी विकिपीडियावर लिहितो हे कळल्यावर काकांनी मला बोलावून घेतलं.

“त्यात माझं नाव घाल की रे.”

मी म्हटलं, “काका, तसं घालता येत नाही.”

“का येत नाही? चारशे छपन्नात मी एक होतो की. पाचशे रुपये भरलो होतो मी, फुकट नव्हे.”

आता यांना काय सांगायचं? निवडून आलेल्या खासदारावर, आमदारावर स्वतंत्र लेख होतो. नुसत्या उमेदवारावर होत नाही, त्याच्याबद्दल दुसरीकडे कुठे पुरेसं लिहिलं गेलेलं असल्याशिवाय. तक्त्यातही ४५६ ओळी घालायच्या नसतात. पहिले चार-पाच उमेदवार, खाली ‘इतर’ अशी एक ओळ, आणि संपूर्ण यादी आयोगाच्या सांख्यिकी अहवालात आहे हे सांगणारा संदर्भ. हे योग्यच आहे. कुणाच्या काकांचं नाव घालायचं आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न उभा राहिला की कोश संपला.

पण याच नियमाची दुसरी बाजू बघा. त्या निवडणुकीत जनता दलाचा उमेदवार जिंकला. माहितीचौकटीत त्याचं नाव येणार, पक्ष येणार, मतं येणार. राज्याच्या नकाशात बेळगावच्या चौकोनात जनता दलाचा रंग भरला जाणार. आणि ‘इतर’ या एका शब्दाखाली ती सगळी माणसं झाकली जाणार, ज्यांच्यामुळे ही निवडणूक मुळात लक्षात राहिली. नावं नकोत, ठीक आहे. पण ४५६ हा आकडा, तो का झाला, आणि त्याचं पुढे काय झालं, हे तीन मुद्दे लेखात आले नाहीत तर तो लेख बरोबर असूनही निरुपयोगी आहे.

पुढे काय झालं ते सांगतो, कारण ते बेळगावातही फार जणांना ठाऊक नसतं. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार होते. तिथला प्रश्न पाण्याचा. फ्लोराइडने हाडं वाकलेल्या गावांनी असाच मार्ग काढला होता. हैदराबादच्या वाचकांना हे आठवत असेल. तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला तर शेतकऱ्यांनी १,०३३ अर्ज टिकवले. देशभर लोकसभेचे एकूण उमेदवार झाले १३,९५२. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती आली. लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली, विधानसभेची २५० वरून ५,०००, आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचकांच्या सह्या लागू लागल्या. १९९८ च्या निवडणुकीत देशातले उमेदवार उतरले ४,७५० वर. म्हणजे आमच्या काकांसारख्या माणसांनी अनामतीचे पाचशे गमावले, आणि पुढच्या खेपेला तसं उभं राहायला दहा हजार लागायला लागले.

यातही एक सावधगिरी. ‘बेळगावमुळे कायदा बदलला’ असं मी विश्वकोशात लिहिणार नाही, बैठकीत कितीही लिहावंसं वाटलं तरी. अनामत वाढवावी ही सूचना आधीपासून होती. तीन ठिकाणचे निषेध, एकूण उमेदवारांची गर्दी, आणि मग कायदा, हा क्रम लिहिता येतो. क्रम म्हणजे कारण असं आपण आपल्या जबाबदारीवर म्हणायचं नाही. तसं कुणी अभ्यासकाने म्हटलं असेल तर त्याच्या नावाने लिहावं.

मतं कुणाची, कशासाठी

हीच गोष्ट २०२१ च्या आकड्यांना लावून बघू. शेळके यांना १,१७,१७४ मतं, विजयाचं अंतर ५,२४०. मतमोजणी झाल्यावर आमच्या गल्लीत त्याच संध्याकाळी तीन सिद्धान्त तयार होते. एक म्हणे समितीने भाजपची मतं खाल्ली, नाहीतर अंतर लाखांत गेलं असतं. दुसरा म्हणे काँग्रेसची खाल्ली, नाहीतर जारकीहोळी आले असते. तिसरे आमचे निवृत्त मुख्याध्यापक सर, त्यांचं म्हणणं समितीने कुणाचीच खाल्ली नाहीत, ती मतं समितीचीच होती आणि आधी दुसऱ्यांनी खाल्ली होती. मला सरांचं पटतं. पण मला पटतं याला काही अर्थ नाही. आकडे या तिन्ही गोष्टींना सारखेच चिकटतात.

विश्वकोशात आकडे येतील, अंतर येईल, २०१९ चं अंतर तुलनेला येईल. पुढचं ‘त्यामुळे’ जर कुणी छापलेलं असेल तर ‘अमुक वर्तमानपत्राच्या विश्लेषणानुसार’ असं येईल, आणि वेगळं विश्लेषण असेल तर तेही शेजारी येईल. ‘एक लाख सतरा हजार मराठी मतदारांनी’ अशी वाक्यरचना तर मी दिसेल तिथे काढतो. मतपेटीत भाषा मोजली जात नाही. मराठी माणसं भाजपला मत देतात, काँग्रेसला देतात, आणि कन्नड बोलणाऱ्या घरातून समितीला मत गेलंच नसेल असं कोण छातीठोक सांगणार?

आणखी एक गंमत. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. वर दिलेल्या तिघांचीच बेरीज ९,९२,५८८ होते, तिचा सहावा भाग १,६५,४३१. म्हणजे ज्या उमेदवाराभोवती निकालाची सगळी चर्चा फिरली, त्याचीही अनामत गेलीच. हे गणित कुणालाही करता येतं, त्यामुळे असल्या साध्या बेरजा-वजाबाक्या विश्वकोशात चालतात. संशोधन म्हणजे नवा निष्कर्ष. बेरीज हा निष्कर्ष नव्हे.

टक्केवारी कशाची? गोव्याचा कौल

बेरजेवरून गोव्याकडे वळतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, हा प्रश्न. विलीनीकरणाला फूल हे चिन्ह, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. निकाल: केंद्रशासित १,७२,१९१, विलीनीकरण १,३८,१७०. फरक ३४,०२१.

या निकालाची टक्केवारी बऱ्याच ठिकाणी साधारण ५४.२ आणि ४३.५ अशी दिलेली असते. बेरीज करा, ९७.७ येते. उरलेले कुठे गेले? एकूण मतदान ३,१७,६३३ होतं आणि वैध मतं ३,१०,३६१, म्हणजे ७,२७२ मतं बाद. ही टक्केवारी एकूण मतदानावर काढलेली आहे. वैध मतांवर काढली तर ५५.५ आणि ४४.५ येते. दोन्ही खऱ्या आहेत. पण एका लेखात एक, दुसऱ्या भाषेतल्या लेखात दुसरी, आणि कशावर काढली ते कुठेच नाही, असं झालं की वाचकाला वाटतं कुणीतरी आकडे फिरवले. मग एक बाजू म्हणते ‘आमचा विजय कमी करून दाखवला’, दुसरी म्हणते ‘पराभव फुगवला’. निम्मी भांडणं एका तळटिपेने मिटतील: टक्केवारी अमुक मतांवर.

शब्दाचं पण बघा. याला ‘सार्वमत’ म्हणायचं की ‘जनमत कौल’? कायदा संसदेने १९६६ मध्ये केला आणि त्याच्या नावातला शब्द ‘ओपिनियन पोल’ असा आहे. बोलताना लोक सार्वमत म्हणतात, वर्तमानपत्रंही म्हणतात. आजच्या माणसाला तर ओपिनियन पोल म्हटलं की वाहिन्यांवरचे निवडणूकपूर्व अंदाज आठवतात, आणि तो गोंधळ वेगळाच. मराठी लेखाला ‘जनमत कौल’ हेच शीर्षक असावं, पहिल्याच वाक्यात कायद्यातला शब्द आणि रूढ शब्द दोन्ही यावेत, असं माझं मत आहे. मत द्यायचा अधिकार गोव्यात राहणाऱ्यांनाच होता, मुंबईत स्थायिक झालेल्या गोवेकरांना नव्हता. तशी मागणी युनायटेड गोअन्स पक्षाने केली होती पण ती मान्य झाली नाही, हेही लेखात हवंच. आणि दमण-दीवपुढचा प्रश्न महाराष्ट्राचा नव्हता, गुजरातचा होता. हा बारकावा हमखास गळतो.

पण मला गोव्याचं उदाहरण ज्याच्यासाठी घ्यायचं होतं ते पुढे आहे. जानेवारीत विलीनीकरण हरलं. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे विलीनीकरणाचीच मागणी घेऊन उभा राहिलेला पक्ष, ३० पैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. युनायटेड गोअन्सला १२, अपक्ष दोन. दोन महिन्यांत त्याच लोकांनी दोन उत्तरं दिली.

जनमत कौलाचा लेख वाचून माणूस थांबला तर त्याचं मत होईल की मगोपला लोकांनी नाकारलं. निवडणुकीचा लेख वाचून थांबला तर मत होईल की गोव्याला महाराष्ट्र हवा होता. दोन्ही लेख स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतात आणि तरी वाचक फसतो. म्हणून प्रत्येक लेखात दुसऱ्याचा उल्लेख हवा, नुसता दुवा नव्हे, एक पुरं वाक्य. लोक बांदोडकरांना मत देताना कशाला देत होते, कुळांच्या प्रश्नाला, शाळांना, की विलीनीकरणाला? यावर पुस्तकं आहेत आणि मतभेद आहेत. ते मतभेद नावानिशी मांडायचे. आज १६ जानेवारी गोव्यात अस्मिताय दीस म्हणून पाळला जातो. हे सांगताना त्या दिवशी ज्या १,३८,१७० लोकांनी फुलावर मत दिलं तेही गोवेकरच होते, हे लेखाच्या सुरातून पुसलं जाऊ नये. मी स्वतः सीमाभागातला मराठी माणूस, माझं मन कुठे झुकतं ते सांगायला नको. म्हणूनच त्या लेखात मी आकडे आणि तळटिपा सोडून कशाला हात लावत नाही.

नावं आणि हद्दी

थोडक्यात सांगतो, कारण यावर मंडळात पूर्वी बोलणं झालंय. १९५२ ची पहिली निवडणूक बेळगावने मुंबई राज्यात केली. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. (या तारखेला इथे एका बाजूला राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला काळा दिन असतो.) ‘कर्नाटक विधानसभेचे १९५२ पासूनचे आमदार’ असा साचा कुणी बनवला की त्याची पहिली ओळच चुकते. नाव लिहिताना ज्या वर्षीची निवडणूक त्या वर्षीचं नाव, हा सोपा नियम. मराठी लेखाचं शीर्षक बेळगाव असायला हरकत नाही, मराठीत ते नाव तेच आहे. पण सरकारी नाव लेखात दिसलं पाहिजे.

मतदारसंघांचंही तसंच. उचगाव हा समितीचा बालेकिल्ला मानला जाणारा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला. त्याचा लेख बेळगाव ग्रामीणमध्ये विलीन करावा असा प्रस्ताव कधी आला तर माझा विरोध राहील. हद्दी वेगळ्या, मतदार वेगळे. संपलेल्या मतदारसंघाला त्याचा स्वतःचा लेख हवा, आरंभ आणि अंत दोन्ही तारखांसह.

मोजणीच्या दिवसाबद्दल एकच. फेरीनिहाय आघाडीचे आकडे लेखात टाकू नका. २ मे च्या दुपारी मीही ते करून बसलो होतो आणि दर अर्ध्या तासाने मलाच खोडावं लागत होतं. अधिकृत निकाल लागेपर्यंत विश्वकोशाला घाई नाही. ते काम वर्तमानपत्रांचं.

संदर्भ आणायचे कुठून

बैठकीत सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. आयोगाचे अहवाल आकडे देतात. ‘हा समितीचा’ हे कोण सांगणार? बेळगावात बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला ‘तरुण भारत’ आहे, पण तो सीमालढ्याचा पाठीराखा राहिला आहे हे उघड आहे. मग तो चालणार नाही का? चालतो, पण कशासाठी ते ठरवून. समितीने कुणाला उमेदवारी दिली, सभा कुठे झाली, याला त्याच्याइतका जवळचा संदर्भ नाही. निकालाचा अर्थ काय, याला एकट्यावर विसंबू नये, शेजारी कन्नड आणि इंग्रजी वर्तमानपत्र ठेवावं. कन्नड वाचता येणारे आपल्यात निम्मे तरी आहेत, मग ते वाचायला लाजायचं कशाला? २०१८ मध्ये समितीतच दोन गट होते. तेव्हा ‘समितीचा अधिकृत उमेदवार’ कोण हेच वादाचं होतं. अशा वेळी दोन्ही गटांचं म्हणणं द्यावं, निवाडा करू नये.

आपलं संकेतस्थळ संदर्भ म्हणून चालेल का, असंही एकाने विचारलं. आज तरी कठीण. आपण एकमेकांचे लेख वाचून ‘छान’ म्हणतो, तपासत नाही. लेख लावण्याआधी लेखक सोडून दुसऱ्या दोघांनी कागद ताडून बघायचे आणि तसं लेखाखाली लिहायचं, एवढं केलं तर आपलं लिखाण उद्या कुणाला तरी वापरता येईल. हा लेख त्या पद्धतीने दोघांनी बघितला आहे. त्यांनी एक आकडा दुरुस्त करायला लावला.

काकांचं राहिलं. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे वही घेऊन गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं: अर्ज कुणी भरून आणला, सूचक कोण होता, पाचशे रुपये कुठून आले, रांगेत पुढे-मागे कोण होतं. दोन तास बोलले. मध्येच उठून ट्रंकेतून एक पाकीट काढलं, त्यात अनामत भरल्याची पावती होती, घडीवर फाटलेली पण वाचता येणारी. विकिपीडियावर ती जाणार नाही हे त्यांना परत सांगितलं. “मग कुठे जाईल?” म्हणाले. मंडळाच्या संग्रहात जाईल म्हटलं. पावतीचं चित्र काढून मी मूळ प्रत त्यांना परत दिली आहे. १९९६ च्या त्या यादीतले आणखी कुणी आपल्या ओळखीत असतील, कुणाकडे अर्जाची प्रत किंवा त्या वेळची पत्रकं असतील, तर पुढच्या बैठकीला घेऊन यावं. काकांना पण आणणार आहे.